संजाणचा अधिकारी, चिंचणीचे ताम्रपट : एक प्रस्तावना

1955 साली डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी एका शेतकऱ्याला तांब्याचे नऊ पत्रे एकत्र सापडले. चिंचणी आणि तारापूर ही एकाच खाडीच्या दोन काठांवरची गावे. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत होता. पालघर हा वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. नऊ पत्र्यांवर मिळून पाच दानपत्रे कोरलेली होती. त्यातले सर्वांत जुने शके 848 चे, म्हणजे इ. स. 926 चे, आणि सर्वांत अलीकडचे 1053 चे. दिनेशचंद्र सरकार यांनी ती वाचली आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 32 व्या खंडात प्रसिद्ध केली. तेव्हापासून पश्चिम किनाऱ्याच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना चिंचणीचे नाव टाळून पुढे जाणे अवघड झाले आहे. चिंचणीत, तारापुरात, बोईसरला राहणाऱ्या किती जणांपर्यंत ही गोष्ट पोहोचली आहे, हा प्रश्न मात्र मला सतत छळतो, आणि ही प्रस्तावना त्यांच्यासाठीच आहे.

या पत्र्यांतला पहिला लेख एका अधिकाऱ्याची ओळख करून देतो. त्याचे नाव मधुमती, दुसरे नाव सुगतीप. बापाचे नाव सहियारहार. जमात ताजिक, म्हणजे अरब-इराणकडून आलेल्या लोकांपैकी. मधुमती म्हणजे मुहंमद आणि सहियारहार म्हणजे शहरियार, हे सरकारांनी लावलेले अर्थ आज सामान्यतः मान्य आहेत. या माणसाला राष्ट्रकूट सम्राट कृष्णराजाने, म्हणजे दुसऱ्या कृष्णाने, सगळे संयान मंडळ कारभारासाठी दिले होते. संयान म्हणजे संजाण. आज ते गाव गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे, पण मंडळाचा कारभार किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत आजच्या डहाणू तालुक्याच्या अंगाने पसरलेला होता. लेख सांगतो, की मधुमतीने आसपासच्या सगळ्या बंदरांचे प्रमुख आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले, आणि त्यात काय वाढले जाई तेही लेखात आहे : साळीचा भात, कालवण आणि तूप. पुढे अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणला देवीची मठिका बांधली. पुव्वैय नावाचा मंत्री अन्नैयाचा मित्र होता. अन्नैयाच्या विनंतीवरून मधुमतीने, तिसऱ्या इंद्राची म्हणजे त्या वेळच्या सम्राटाची परवानगी घेऊन, त्या मठिकेला काणाडुका नावाचे गाव आणि देवीहार गावातली काही जमीन दिली. ताम्रपट कोरला गेला तो या दानासाठी.

एवढ्या मजकुरातून एका अधिकाऱ्याची राजकीय कारकीर्द उभी करता येते का? येते. ती कशी उभी करायची याचे एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राच्या दारात मी वाचकाला घेऊन आलो आहे.

आपण शाळेपासून इतिहास शिकतो तो राजांच्या याद्यांतून. सातवाहन, क्षत्रप, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव. कोणानंतर कोण, कोणी कोणाला हरवले. पण राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे कर्नाटकातले मळखेड, चिंचणीपासून किती दूर! या किनाऱ्यावरच्या कोळ्याने, मिठागरवाल्याने, भातशेती करणाऱ्याने सम्राटाचे तोंड आयुष्यात पाहिले नसेल. त्याला राज्य दिसे ते अधिकाऱ्याच्या रूपाने : जकात घेणारा, बंदरावर माणूस बसवणारा, तरीचे पैसे घेणारा किंवा माफ करणारा. म्हणून एखाद्या मुलखाचा इतिहास खरोखर समजून घ्यायचा असेल तर राजापेक्षा अधिकाऱ्याचा माग काढणे अधिक फळ देते, असे माझे ठाम मत आहे. अ. स. आळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा मोठा ग्रंथ 1934 साली निघाला. तो आजही हातात घ्यावा लागतो, इतका भक्कम आहे. त्यात मधुमती नाही, कारण त्याचे नाव सांगणारे तांबे अजून एकवीस वर्षे चिंचणीच्या मातीतच राहायचे होते. एका शेतातला एक शोध मान्यवर ग्रंथाला नवे प्रकरण जोडते, हे या विषयाचे मोठे आकर्षण आहे.

अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी जुळवण्याचे काम सर्वांत चिकाटीने झाले आहे ते प्राचीन रोमच्या बाबतीत. रोमच्या प्रजासत्ताकाच्या शेवटच्या शतकात सरकारी पदांची एक शिडी कायद्याने ठरलेली होती. सुल्ला या हुकूमशहाने इ. स. पू. 81 च्या सुमारास तिचे नियम घट्ट केले. तिसाव्या वर्षाआधी क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) नाही, एकोणचाळिसाव्याआधी प्रीटर (न्यायाधिकारी) नाही, बेचाळिसाव्याआधी कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) नाही. त्यामुळे एखादा माणूस अमुक साली प्रीटर होता एवढे कळले, तरी त्याचे वय, त्याची आधीची पदे, यांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. ब्रॉटन नावाच्या अभ्यासकाने 1951-52 मध्ये प्रजासत्ताकातल्या अधिकाऱ्यांची वर्षवार यादी दोन मोठ्या खंडांत छापली. कोणत्या साली कोण कोणत्या पदावर होता आणि ते कशावरून कळते, एवढेच त्यात आहे. कोरडे वाटणारे हे पुस्तक पुढच्या तीन पिढ्यांच्या संशोधनाचा पाया झाले.

रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचे उदाहरण घ्या. घराण्यात पूर्वी कोणी मोठे पद भूषवलेले नव्हते, तरी इ. स. पू. 75 साली तो क्वेस्टर झाला, 69 साली एडाइल, 66 साली प्रीटर आणि 63 साली कॉन्सल. क्वेस्टर म्हणून त्याची नेमणूक सिसिलीच्या पश्चिम टोकाला होती. टंचाईच्या काळात त्याने रोमला भरपूर धान्य पाठवले. परतताना त्याला वाटले, राजधानीत आपल्याच कामाची चर्चा चालली असणार. वाटेत भेटलेल्या एका माणसाने त्याला विचारले, रोमहून कधी निघालास, तिकडे काय नवीन? ही हकिकत सिसेरोने स्वतःच एका भाषणात सांगितली आहे. परगण्यातल्या अधिकाऱ्याचे काम राजधानीला दिसत नाही, हे त्याला तिथे कळले आणि त्याने पुढचे सारे आयुष्य राजधानीतच काढायचे ठरवले. सिसेरोची शेकडो पत्रे आणि पन्नासहून अधिक भाषणे उपलब्ध आहेत, म्हणून त्याच्याबद्दल एवढे बोलता येते.

पण माझ्या विषयाला जवळचा रोमन अधिकारी दुसराच आहे. दक्षिण इटलीत पोल्ला नावाच्या गावी एक शिलालेख आहे, इ. स. पू. दुसऱ्या शतकातला. त्यात अधिकारी स्वतःच्या तोंडाने बोलतो : मी रेजियमपासून कापुआपर्यंत रस्ता केला, त्यावर सगळे पूल आणि मैलाचे दगड बसवले, सिसिलीत प्रीटर असताना पळालेले गुलाम शोधून 917 माणसे मालकांना परत केली, सरकारी जमिनीवर मेंढपाळांना बाजूला सारून नांगरटीला जागा करून देणारा पहिला मीच, इथे बाजारचौक आणि सार्वजनिक इमारती मीच बांधल्या. सगळे आहे, फक्त त्याचे नाव असलेला भाग नाहीसा झाला आहे. अभ्यासक दोन-तीन नावांमध्ये अजून वाद घालतात. कर्तबगारी टिकली आणि कर्ता हरवला. लेखातला सर्वांत बोलका भाग माझ्या मते त्या 917 माणसांचा आहे. रस्ता आणि पूल यांच्या शेजारी, त्याच अभिमानाने, माणसे पुन्हा गुलामीत ढकलल्याचा आकडा कोरलेला आहे. अधिकाऱ्याने स्वतःबद्दल जे अभिमानाने सांगितले, त्यावरून त्या काळी काय मिरवण्यासारखे मानले जात होते ते कळते. म्हणून चिंचणीचा लेख वाचतानाही फुकट तरीबद्दल जितक्या आस्थेने वाचावे, तितक्याच काळजीने ‘बंदरांचे प्रमुख जिंकले’ या शब्दांपाशी थांबावे. त्या प्रमुखांची नावे लेखाने दिलेली नाहीत. ते कोळी नाखवे होते, व्यापारी होते की छोटे सरदार, हे त्यांच्या बाजूने सांगणारा ताम्रपट नाही.

मधुमतीच्या आधी सुमारे आठ शतके आणखी एका परक्या वंशाच्या अधिकाऱ्याने याच किनाऱ्यावरची आपली कामे कोरून ठेवली आहेत. तो उषवदात, ऋषभदत्त. जातीने शक, दिनिकाचा मुलगा, क्षत्रप नहपानाचा जावई, दक्षमित्रेचा नवरा. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात त्याचे लेख आहेत. पालघर जिल्ह्यातल्या वाचकाने ते नकाशा समोर ठेवून वाचावेत. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून फुकट तर दिली, आणि दोन्ही काठांवर बसायला निवारे आणि पाणपोया बांधल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. शूर्पारकाला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, त्याने धर्मशाळा बांधली आणि तिथल्या रामतीर्थावरच्या चरक मंडळींना, म्हणजे फिरत्या संन्याशांना, नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडे देताना सामील करून घेतले. नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाशिकच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या कपड्यांची सोय केली. राजकीय काम म्हणाल तर मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला तो ऐन पावसाळ्यात फौज घेऊन गेला आणि तिथून पुष्करला जाऊन स्नान करून आला.

दोघांच्याही लेखांत तर आहे, आणि ही केवळ धार्मिक रूढी नव्हे. वसईची खाडी, वैतरणा, सातपाटी-मुरब्याची खाडी, तारापूर-चिंचणीची खाडी, डहाणूची खाडी : या किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जायचे तर दर काही कोसांवर पाणी आडवे येते. रेल्वेचे पूल झाले एकोणिसाव्या शतकात. त्याआधी माल, डाक, फौज, नवरा-नवरी, सगळे तरीवर अवलंबून. भरती-ओहोटीची वेळ चुकली तर काठावर बसून राहायचे. अशा मुलखात तर ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात रस्ता. ती फुकट करणारा अधिकारी लोकांचा दुवा घेतो आणि रस्त्यावरची आपली पकडही दाखवतो. रोमन अधिकारी पूल आणि मैलाचे दगड मोजतो, उत्तर कोकणातला अधिकारी नावा मोजतो. मुलूख बदलला की कारभाराची खूणही बदलते.

उषवदाताची कारकीर्द कशी संपली, हे त्याच्या स्वतःच्या लेखांतून कळत नाही. ते कळते त्याच्या शत्रूच्या एका जमीन-हुकुमातून. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, लष्करी तळावरून, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला एक आज्ञा पाठवली. तीत म्हटले आहे, की पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तनांचे शेत, जे आजवर ऋषभदत्ताकडे होते, ते त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यातल्या, भिक्षूंना द्यावे. बस्स, एवढेच. कुठे लढाईचे वर्णन नाही. एका शेताचा भोगवटा बदलला, आणि त्यावरून आपल्याला उमगते की एक राजवट गेली. ही आज्ञा मिळाली त्या अमात्याचे नाव विष्णुपालित. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच पदावर श्यामक नावाचा दुसरा माणूस आहे. त्याला कळवले आहे की कखडी गाव ओसाड पडले, शेत कसले जात नाही, म्हणून भिक्षूंना शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तने सरकारी जमीन द्यावी. पुळुमावीच्या काळात तिथेच शिवस्कंदिल नावाचा तिसरा अमात्य भेटतो. एकाच कचेरीतले तीन अधिकारी, आणि कागदावर दिलेले गाव प्रत्यक्षात उजाड निघाल्याची नोंद! सातबारा आणि प्रत्यक्ष ताबा यांच्यातले अंतर ज्याने तहसील कचेरीत अनुभवले आहे, त्याला हे लेख परके वाटणार नाहीत. रोमच्या अभ्यासकांनी जशा याद्या केल्या तशी यादी आपल्या गोवर्धनच्या अमात्यांची होते, संजाणच्या अधिकाऱ्यांची होते. ती गावोगावच्या वाचकांपर्यंत नेण्याचे काम बाकी आहे.

आता ताम्रपट वाचायची रीत. सुरुवातीला मंगल, मग राजवंशाची वंशावळ, मग दान देणारा, घेणारा, जमिनीच्या चतुःसीमा, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. वंशावळीचा भाग बहुधा ठरलेल्या साच्यातला असतो. तिथे प्रत्येक राजा शूर, दानी आणि देखणा असतो. त्यावर विसंबून काही ठरवू नये. साचा मोडून लेख जिथे बारीकसारीक सांगू लागतो, तिथे कान टवकारावेत. भातावर तूप वाढले जाई, हे साच्यातले वाक्य नाही. मंत्री अन्नैयाचा मित्र होता, हेही नाही. मठिकेसाठी गाव मिळवायचे तर अर्ज कोणामार्फत करावा लागतो, तो स्थानिक अधिकाऱ्याकडे कसा जातो आणि मंजुरी वरून कशी येते, ती सगळी वाट या एका मैत्रीच्या उल्लेखाने उजळते.

मधुमतीच्या कारकिर्दीचा काळही असाच काढता येतो. त्याची नेमणूक दुसऱ्या कृष्णाने केली. कृष्णाची कारकीर्द 914 च्या सुमारास संपली, म्हणजे नेमणूक त्याआधीची. दानपत्र 926 चे. कृष्णानंतर गादी मुलाकडे गेली नाही, कारण मुलगा जगत्तुंग आधीच वारला होता. ती नातवाकडे, तिसऱ्या इंद्राकडे गेली. अशा सत्तांतरात जुन्या राजाची माणसे बदलली जातात, हा नेहमीचा अनुभव. मधुमती मात्र टिकला आणि निदान बारा वर्षे संजाणला राहिला. याच काळात इंद्राच्या फौजा उत्तरेत यमुना ओलांडून कनौजपर्यंत गेल्याचे खंबायतच्या 930 च्या ताम्रपटात सांगितले आहे. ज्या सम्राटाचे हात उत्तरेत गुंतले आहेत, त्याला पश्चिमेची बंदरे शांत आणि जकातीचे उत्पन्न चालू ठेवणारा माणूस हवा असणार. बसरा, सिराफ, ओमानशी चालणारा व्यापार ज्याला घरचा, त्याच्याइतका लायक माणूस दुसरा कोण? अरब प्रवासी मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916-17 च्या सुमारास, चेऊलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले आहे. त्यांचे आपापसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमतो, हेही त्याने नोंदवले. चेऊलचा तो प्रमुख केवळ आपल्या जमातीपुरता होता. संजाणचा मधुमती सगळ्या मंडळाचा अधिकारी होता, हा फरक मोठा आहे.

या लेखाचा उपयोग हल्ली घाईघाईने केला जातो. कोणी त्यातून आदर्श सलोख्याची गोष्ट काढतो, कोणी हा अपवाद म्हणून झटकून टाकतो. दोन्ही गटांना माझी विनंती एकच, लेख आधी पूर्ण वाचा. त्यात एक अधिकारी आपले काम करताना दिसतो. देवीच्या मठिकेला गाव देणे हा त्या कामाचा भाग होता, फुकट तर हा त्या कामाचा भाग होता, बंदरे जिंकणे हाही होता. तो मुसलमान होता ही गोष्ट लेख लपवत नाही आणि तिचा गाजावाजाही करत नाही. जमात सांगतो आणि पुढे जातो. त्या सहजतेचे मोल मला कोणत्याही जाहीर घोषणेपेक्षा जास्त वाटते.

पुढचे लेख तितकेच वाचनीय आहेत. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला लेख जागेच्या तंट्याचा आहे : भिल्लमाळकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या देवळाने मठिकेच्या जमिनीचा काही भाग कुंपणात घेतला, वाद झाला आणि दरसाल भाडे देण्यावर मिटला. राष्ट्रकूटांची सत्ता 973 ला संपली. 1034 साली संजाणवर चामुंडराज आहे, ठाण्याच्या शिलाहारांचा मांडलिक. त्याने मठिकेला एक तेलघाणा दिला. तेलाचा उपयोगही लिहून दिला आहे : देवीपुढे दिवा आणि मठिकेत येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला तेल. पायी चालून आलेल्या माणसाच्या पायाची चिंता एका राजपत्रात! त्याच लेखात गावच्या मान्यवरांमध्ये अल्लिय, महार, मधुमत अशी नावे येतात, म्हणजे शंभर वर्षांनंतरही अरब-इराणी वंशाचे व्यापारी संजाणच्या सभेत बसत होते. 1053 चे शेवटचे पत्र मोढ घराण्याच्या विज्जलदेवाचे. राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले, मांडलिक बदलले. देवीची मठिका सव्वाशे वर्षे तशीच दान घेत राहिली. रणबीर चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये या पाचही लेखांवर मिळून लिहिलेला निबंध इंग्रजी येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

मराठीतून या विषयात शिरायचे तर वा. वि. मिराशी यांची सातवाहन-क्षत्रपांवरची आणि शिलाहारांवरची पुस्तके आधी घ्यावीत. मूळ लेख, अर्थ आणि इतिहास एकत्र देण्याची त्यांची पद्धत नवख्याला हात धरून नेते. मराठी भाषेतले जुने लेख पाहायचे तर शं. गो. तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ आहे. संस्कृत येत नाही म्हणून कोणी बिचकू नये. जुन्या नागरीची वळणे सरावाने डोळ्यांत बसतात, आणि शक सालात 78 मिळवले की इसवी सन येतो, काही महिन्यांचा फरक सोडला तर. स्थलनामे ओळखण्याच्या बाबतीत तर विद्यापीठातल्या विद्वानापेक्षा इथला माणूस वरचढ ठरेल. कोणत्या खाडीत कुठवर भरती चढते, कोणत्या पाड्याचे जुने नाव काय, कोणती वाट पावसाळ्यात बंद होते, हे पुस्तकात मिळत नाही. आणि धातूवर कोरण्याची कला काय असते, हे चिंचणी-वाणगाव भागात दागिन्यांचे डाय कोरणाऱ्या कारागिरांना सांगायला नको. पत्र्यावरचे एखादे अक्षर कोरणाऱ्याच्या हातून निसटले आहे की ते तसेच अभिप्रेत होते, असा प्रश्न पुराभिलेखज्ञाला पडतो, तेव्हा अशा कारागिराची नजर फार कामाची ठरावी.

बंदरांचा प्रश्न या किनाऱ्याला आज पुन्हा भिडला आहे. चिंचणीच्या उत्तरेला वाढवण येथे होणाऱ्या मोठ्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये झाली, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्या वादाचा निकाल ताम्रपट लावणार नाहीत. बंदर कोणाच्या ताब्यात, त्यावर माणसे कोणाची आणि काठावरच्या लोकांना त्यातून काय मिळते, हे प्रश्न इथे हजार वर्षांपूर्वीही विचारले गेले असणार, एवढे मात्र ते लेख वाचल्यावर पटते. मोठ्या बांधकामांच्या काळात जमीनही मोठ्या प्रमाणावर उकरली जाते. त्यात जुने काही निघण्याची शक्यता वाढते आणि ते कायमचे नष्ट होण्याचीही.

म्हणून पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातल्या, चिंचणीच्या महाविद्यालयातल्या आणि बोईसर-तारापूरच्या शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आपल्या गावातले गधेगाळ, वीरगळ, देवळाच्या पायरीत बसवलेले अक्षरांचे दगड यांची यादी करा. जागा नोंदवा, तिरप्या उन्हात फोटो घ्या. दगडावर ऑइलपेंट आणि सिमेंट चढू देऊ नका. आणि शेतात, विहिरीत, घराच्या पायात तांब्याचा कोरलेला पत्रा हाती लागला, तर तो तांब्याच्या भावाने मोडीत घालू नका; जिल्हाधिकारी कचेरीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. कायद्याने ते बंधनकारक आहेच. चिंचणीच्या शेतातले ते नऊ पत्रे भट्टीत गेले असते, तर संजाणच्या मधुमतीचे नाव आज कोणालाही ठाऊक नसते.